थांबा, ताईला विचारतो

—हो, परत बंद केलं, दिसतंय मला, माझ्याच हाताने केलं ना. बसा तुम्ही. डावीकडे भार टाकू नका, खुर्ची डुगडुगते. बंद करायचं, चालू करायचं आणि काय होतं ते बघायचं — आमच्या धंद्यातली निम्मी विद्या एवढीच, उरलेली निम्मी म्हणजे धूळ झटकणं. किती वेळा केलं म्हणता? मोजत होतात की काय? असू दे. तर मी काय सांगत होते — तुमच्या या नव्या रॅमच्या पट्ट्या. चांगल्या आहेत, कोणी फसवलेलं नाही तुम्हाला. खाचेतही बसतात, टक्क आवाज करून बसतात, पण बसली म्हणजे नांदली असं थोडंच आहे. हा मदरबोर्ड जुना. याच्यावर एक नखाएवढी चिप आहे, तिच्यात थोडंसं सॉफ्टवेअर असतं, त्याला बायोस म्हणतात — कॉम्प्युटर जागा झाला की सगळ्यात आधी तो बायोस उठतो, घरातल्या थोरल्या सुनेसारखा, आणि घरात कोण कोण आहे ते बघून येतो. कीबोर्ड आहे का, पंखा फिरतोय का, रॅम किती. या बायोसला कंपनीने शिकवून पाठवलं तेव्हा तुमच्या पट्ट्यांचा जन्मही झालेला नव्हता. ओळख नाही, पाळख नाही, मग घरात कसा घेणार? तीन शिट्ट्या मारतो आणि गप्प बसतो. म्हणून मी तुमची जुनी पट्टी परत लावली आणि चालू करून बघितलं. तेवढ्यासाठीच बघितलं.

उपाय आहे, नाही कशाला. कंपनीने पुढे नवा बायोस काढलाय, तो उतरवून घ्यायचा, चिपमधल्या जुन्याच्या जागी लिहायचा, की झालं, पट्ट्या घरच्या. पण मी म्हणते, कशाला नसती उठाठेव? जुन्या रॅमवर चालतंय ना? हळू चालतंय, तर चालू दे हळू. हो, सांगितलंत मघाशी — सगळ्या शहराच्या जमिनीखालचे पाण्याचे नळ, त्यांचा एक अख्खा नकाशा, आणि तो उघडला की स्क्रीन जागच्या जागी थिजतो. तुकडे करून उघडा ना. केले? तरी थिजतो. आणि सोमवारी द्यायचाय, नाही दिला तर काम दुसऱ्याकडे जाणार. बरं. पण समजा, बायोस लिहिता लिहिता वीज गेली. बाकाखाली बॅटरी आहे, दिसतेय तुम्हाला, मान्य. तासभर टिकते, तेही मान्य. तरी समजा. अर्धा लिहिलेला बायोस म्हणजे धड जुना नाही, धड नवा नाही, मग हा बोर्ड म्हणजे फरशीचा तुकडा. मधे थांबवता येत नाही हो हे. एकदा सुरू केलं की नको, राहू दे, असं म्हणायची सोय नसते. — कोपऱ्यावरचा दहा मिनिटांत करून देतो म्हणाला? मग जा त्याच्याकडे. उचला आणि जा. त्याला काय, तो विहिरीत उडी मारूनही दाखवेल, दुसऱ्याला ढकलून.

अहो बसा. रागावले नाही मी, माझा आवाजच असा आहे. बसा, मी काही मुद्दाम अडवत नाहीये. म्हणजे — अडवतेय. तुम्ही शहाण्या आहात, तुम्हाला कळलंच असेल. इकडे या, खुर्ची राहू दे, माझ्या बाजूने उभ्या राहा. आता मी परत चालू करते, आणि तुम्ही फक्त स्क्रीनकडे बघा. कंपनीचं चिन्ह यायला हवं ना चालू होताना, सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर येतं ते. आता — हे. गेलं. पाहिलंत?

रोज दिसतं? रोज सकाळी? आणि तुम्हाला कधी वाटलं नाही, की ही कोण बाई — डोक्यावर अंबाडा, कपाळावर चढवलेला चष्मा, एक हात कमरेवर, दुसऱ्या हातात पेचकस — आणि खाली हाताने लिहिलंय, 'थांबा, ताईला विचारतो'? वाटलं? तुमच्याकडे सगळे हसतात त्याला? तुमच्या मुलीनेही तसंच चित्र काढलंय? बरं केलं. ज्यांच्याकडून जुना घेतलात त्यांना विचारलं नाहीत वाटतं. खरंय, कशाला विचाराल. माणसाला वाटतं असेल काहीतरी. — कोण ताई म्हणजे? माझ्याकडे बघा ना. चष्मा कुठे आहे माझा आत्ता? नाक तेवढं लांब नाहीये माझं, ते त्याने मुद्दाम काढलंय.

बारक्याने. माझा धाकटा भाऊ. सहा फूट उंच, त्या मागच्या दारातून यायचा तर मान खाली घालून, तरी बारक्या. हे दुकान आमचं दोघांचं होतं. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, मग मीच त्याची आई, मीच त्याचा मास्तर, आणि खरं सांगायचं तर मास्तरच जास्त. त्याचं डोकं मात्र — कुठल्या बोर्डला कुठली रॅम चालते, कोणाला दोन कंपन्यांच्या पट्ट्या शेजारी शेजारी खपत नाहीत, कोणाची दुसरी खाच आधी भरावी लागते, सगळं तोंडपाठ. मला बघून सांगावं लागायचं, त्याला नाही. पण गिऱ्हाइकाने विचारलं की हा लगेच, थांबा, ताईला विचारतो. आणि आत यायचा, त्या पडद्यामागे, माझ्यापाशी. मला वाटायचं आता काहीतरी विचारेल. तर विचारायचा काय, जेवलीस का? मी म्हणायचे, हो. किंवा नाही म्हणायचे. तो म्हणायचा बरं, आणि बाहेर जाऊन गिऱ्हाइकाला सांगायचा, ताई म्हणाली चालेल. कित्येक वर्षं मला पत्ताच नव्हता. एकदा एक बाई भांडायलाच आल्या, तुम्हीच म्हणालात ही पट्टी चालणार नाही आणि शेजाऱ्याकडे तर चालतेय. मी म्हटलं, मी कधी म्हणाले? बारक्या तिथे स्टुलावर बसून छताकडे बघतोय. मग कबूल झाला. म्हणे, मी सांगितलं की लोक घासाघीस करतात, तू सांगितलंस की गुपचूप ऐकतात, म्हणून तुझ्या नावावर खपवतो. इतकी हसले मी. शिव्याही घातल्या.

आणि हे चित्र — मला माहीतच नव्हतं. आज बघतेय मी. तुम्ही आलात, मी पट्टी बदलली, बटण दाबलं आणि हे आलं समोर. तीन सेकंद. मला वाटलं मला भास झाला, म्हणून परत बंद केलं, परत चालू केलं. म्हणून चाललं होतं ते, उगाच नाही. चालू होतानाचं चिन्ह बदलता येतं काही बोर्डांवर, चिपमध्येच आपलं चित्र घालता येतं, आणि नवा बायोस लिहिला की ते पुसलं जातं. त्यानेच घातलंय, अक्षर त्याचंच आहे, 'थ' बघा कसा पोट सुटल्यासारखा काढलाय. तुमच्या आधीचे जे काका, चष्मेवाले, हळू बोलणारे — तेच ना — त्यांच्यासाठी त्याने हा कॉम्प्युटर जोडला होता. ते येऊन बसायचे आणि शंभर गोष्टी विचारायचे, आणि प्रत्येक वेळी हा, थांबा, ताईला विचारतो. दोघांनी मिळून केला असणार हा उद्योग. वर्षभराने साफसफाईला आणा असं बारक्या सगळ्यांना सांगायचा. म्हणजे बेत हा, की काका साफसफाईला आणतील, मी बाकावर ठेवून चालू करीन, आणि हा पडद्याआड तोंड दाबून उभा. माझी गंमत करायची होती, बाकी कोणाची नाही. पण काकांनी आणलाच नाही कधी. इतका नीट जोडला की बिघडलाच नाही मेला.

नाही, आता नाही तो. हा कॉम्प्युटर दिला आणि त्यानंतर लवकरच त्याला दवाखान्यात ठेवलं. हृदयाची झडप. आधीपासून होतं थोडं, कोणी लक्ष दिलं नव्हतं. मग धाप लागायला लागली, मॉनिटर उचलून शिडीवर चढायचा तो, खालीच बसायला लागला. डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं, चांगले होते. म्हणाले, गोळ्यांवर राहता येईल, किती काळ ते सांगता येणार नाही, जिने चढायचे नाहीत, जड उचलायचं नाही. नाहीतर ऑपरेशन, बहुतेक माणसं ठणठणीत होऊन घरी जातात. आणि त्यांनी विचारलं त्याला, मला नाही, की काय ठरवताय तुम्ही? तर हा पलंगावर मांडी घालून बसलेला, तो काय म्हणाला असेल सांगा. अगदी तेच. दुकानात म्हणायचा तसंच, त्याच सुरात. डॉक्टर हसले, सिस्टरबाई हसल्या, मीसुद्धा हसले. आणि हसता हसताच मी म्हणाले, करा.

काय झालं म्हणजे. शुद्धीवर आलाच नाही तो.

नको, तुम्ही तसं म्हणू नका. सगळे तसंच म्हणतात, ताई तुमचा काय दोष. दोषाचं कोण बोलतंय? डॉक्टर म्हणाले, आम्हीही तोच सल्ला दिला असता. कळतं मला. चालत्या यंत्राला हात लावू नये, हे मीच सगळ्यांना सांगते, आणि तरी करा म्हणाले, कारण मला तो आख्खा हवा होता. जपून बसणारा, जिना न चढणारा नको होता मला, पहिल्यासारखा हवा होता. एवढंच. आणि एक — हे मी कोणाला बोलले नाहीये — त्याने विचारलं तर मी सांगून मोकळी झाले. अरे पण तुला काय वाटतं, हे मी विचारलंच नाही त्याला. आयुष्यभर तो ताईला विचारत आला, तर मला वाटलं, विचारतोय म्हणजे त्याला कळत नसेल. दुकानात तर सगळं कळत असूनही विचारायचा, ते माहीत होतं मला. तरी. कदाचित तेव्हाही तो फक्त जेवलीस का, एवढंच विचारत असेल.

पाणी नको. आहे माझ्याकडे. तुम्ही बसा गं — बसा. मला फार आठवण येते त्याची, इतकंच आहे, बाकी काही नाही. काम चालू आहे ना, मग झालं. फक्त तेव्हापासून मी दुकानात एक पद्धत ठेवली. असं काही करायचं असलं, बायोस लिहायचा, डिस्क पुसायची, जे एकदा झालं की मागे फिरत नाही, तर मी सगळी तयारी करून देते, शेवटचं बटण मात्र गिऱ्हाइकाने दाबायचं. आणि करू की नको हे मला विचारायचं नाही. लोकांना वाटतं ही बाई कायद्याला धरून आहे, उद्या काही झालं तर अंगाशी नको म्हणून. वाटू दे. फायदे सांगते, तोटे सांगते, आणि तोंडाला कुलूप. कोपऱ्यावरचा म्हणतो, बाईंना निर्णय घेता येत नाही. खरंच बोलतो तो.

काय? राहू दे? का राहू दे? माझ्यासाठी? हे बघा, मला कोणाची दया नको. तुमच्या पोटावर पाय देऊन मी ते चित्र ठेवून घेऊ? तुमची मुलगी आहे घरी, सोमवार आहे डोक्यावर. मी विचार केलाय सगळा, तुम्ही मघाशी फोनवर बोलत होतात तेव्हाच केला. म्हटलं, यांना दुसरा बोर्ड द्यावा, कपाटात आहेत तीन-चार, आणि हा ठेवून घ्यावा. पण तुमचं ते नकाशांचं सॉफ्टवेअर या बोर्डशी बांधलेलं आहे. बोर्ड बदलला की ते म्हणणार, तुम्ही कोण, आणि परवाना देणारी कंपनी आता फोनही उचलत नाही, तुम्हीच सांगितलंत ते. म्हणजे बोर्ड हाच हवा. जुना बायोस पेनड्राइव्हवर काढून ठेवलाय मी. पण तो चालणार कशावर? असल्याच बोर्डवर, आणि तसले आता मिळत नाहीत. फोटोही काढले. हललेत. तीन सेकंदांत काय फोटो येणार. असू दे, नाक तरी नीट आलंय. तर आता मी हे सगळं तयार ठेवलंय, जुनी पट्टी आत आहे, वायर बॅटरीवर टाकलीय. समोर विचारतोय बघा तो, सुरू करू का? तुम्ही दाबायचं. हे बटण.

दाबा की.

का? — असं कसं, मी सांगायचं? आत्ताच सांगितलं ना की मी सांगत नाही, एवढी रामकहाणी ऐकवली ती काय भिंतीला? कॉम्प्युटर तुमचा, काम तुमचं. मला काय विचारता? असं बघू नका माझ्याकडे. तुम्हाला त्यातलं कळत नाही, मान्य, मला कळतं, मान्य. भीती वाटते? वाटणारच. मलाही वाटते. वीज आहे, बॅटरी आहे, फाइल बरोबर आहे, मी दोनदा ताडून पाहिलीय, या बोर्डची तीच आहे. काही होणार नाही असं मला वाटतं. वाटतं म्हणजे — तेव्हाही वाटलंच होतं. पण तुझं काय मत, ते सांग आधी. मनापासून सांग, मला बरं वाटावं म्हणून नको. तुला हवंय हे? काम हवंय? नकाशा आख्खा एकदा उघडलेला बघायचाय, सगळे नळ एकत्र? बरं. बरं, असं सांगायचं ना मग.

मग करा.

दाबलंत. झालं, आता हात मागे. माउसला नको, कशालाच नको. हे असंच जाईल, आधी जुनं पुसेल, मग नवं लिहील. पुसतोय. हं. बोलू नका म्हणत नाही मी, बोला, त्याला ऐकू येत नाही, मीच बोलतेय की मघापासून. मुलगी कितवीत आहे तुमची? तिसरीत. बारक्या तिसरीत असताना घरातलं घड्याळ उघडून बसला होता, जोडून झालं तर दोन चाकं उरली, आणि घड्याळ चालायला लागलं. ती दोन चाकं कशासाठी होती देवाला ठाऊक. — लिहितोय. अर्ध्याच्या वर गेलं. ट्यूबलाइट नेहमीच लुकलुकते ती, तिच्याकडे बघू नका. हं. झालं. आपोआप बंद होतो तो, बरोबर आहे, बंद व्हायलाच पाहिजे. आता तुमच्या पट्ट्या. ही एक. ही दुसरी. दाबा म्हटलं असतं पण यात जोर लागतो. टक्क. आता बटण.

काळाच राहणार. घाबरू नका, नवी रॅम पहिल्यांदा लावली की तो तिला तपासत बसतो, वेळ लागतो, स्क्रीनवर काही म्हणजे काही येत नाही. लोक इथेच चुकतात, मेला समजून वायर उपटतात आणि तो बिचारा आत कामात असतो. पंखा फिरतोय बघा. हात लावून बघा, वारा येतोय ना? येतोय. मग आहे. शिट्टी नाही वाजवली त्याने, वाजवायची असती तर एव्हाना वाजवली असती. जरा जास्त वेळ घेतोय. घेतात, मोठ्या पट्ट्यांना घेतात. मी बघितलेत असे, यापेक्षा जास्त वेळ घेतलेले, आणि उठलेत. तेव्हाही ते म्हणाले होते, वेळ लागतो, बसा तुम्ही, आणि मी बसले होते, लांब बाकडं होतं, थंड, आणि प्रत्येक वेळी दार उघडलं की मी उठायचे. तुम्ही बसा. मी उभीच बरी. पंखा आहे ना अजून? आहे. ऊठ रे. ऊठ बाबा, आता पुरे.

आला.

आला हो, बघा. कंपनीचंच चिन्ह, नेहमीचं, सगळ्यांचं असतं ते. आणि रॅम पूर्ण धरलीय, दोन्ही पट्ट्या, हा आकडा वाचा. हा आला.

नाही, काही नाही झालं मला. काढा वायर. तुमचा नकाशा घरी जाऊन उघडा, इथे नको, इथे नका उघडू. हो, चालेल, आता काही अडणार नाही. खोका दोन्ही हातांनी धरा. जा तुम्ही, खरंच जा. दार लोटून घ्या बाहेरून.